मी फौजी नाही, मावशी

शिवाजी पेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर एकाच खुर्चीत बसून लोकांच्या नाकावर भिंगं चढवायची आणि उतरवायची, हे माझं काम. पन्नाशी उलटली तेव्हा डॉक्टर म्हणाले, जरा बाहेर पडत जा. मी मोटारसायकल घेतली. बायको म्हणाली, "ते चालत बाहेर पडा म्हणत होते." पण तोपर्यंत गाडी दारात आली होती.

सोमवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी पहाटे निघायचं, गडहिंग्लज, चंदगड, कधी पुढं घाटापर्यंत, आणि दुपारी जेवायला घरी. एकटाच जायचो. एकदा वाळूवरून गाडी घसरली आणि कोपर सोलपटलं. मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिला हे कळलं आणि पुढच्याच महिन्यात माझ्या वाढदिवसाला एक मोठा खोका आला. आत रायडिंग जॅकेट होतं. खांद्यात, कोपरात, पाठीत जाड पॅड. रंग फौजेचा हिरवा. छातीवर तलवारींचं चिन्ह, उजव्या दंडावर तिरंगा, आणि पाठीवर इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'आर्मी'. सोबत त्याच रंगाचे हातमोजे आणि गुडघ्याला बांधायचे पॅड.

मी फोन केला. "अगं, हे मला कसं चालेल? मी कुठं सैन्यात आहे?"

"बाबा, तसा ब्रँड आहे तो. रीतसर परवानगी घेऊन काढलेला. पुण्यात सगळे घालतात. आणि त्यात सगळ्यात चांगले पॅड आहेत, म्हणून घेतलं."

जॅकेट खरोखर चांगलं होतं. वारा लागत नव्हता आणि अंगात चढवलं की पाठ आपोआप ताठ व्हायची. मी उंच आहे. टक्कल लपवायला केस बारीक कापतो. मिशी वडिलांसारखी आहे. आरशात बघितलं तर मला मी ओळखूच आलो नाही. बायको मागं उभी होती. ती म्हणाली, "आता गल्लीत भाजी आणायला पाठवू का सीमेवर?"

आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांना वाईट वाटेल म्हणून पहिल्या सोमवारी मी त्यांच्या दारावरून गाडी ढकलत नेली, चालू केली नाही. तरी ते कट्ट्यावर बसलेले होतेच. त्यांनी जॅकेट वरपासून खालपर्यंत बघितलं, बाहीचं कापड चिमटीत धरलं.

"थंडीला कसं हाय?"

"चांगलं आहे."

"मग घाला की. फक्त कुणी विचारलं तर पटदिशी सांगायचं, मी न्हवं म्हणून. उशीर झाला की जड जातं."

लोक मात्र विचारायचे नाहीत. विचारलं असतं तर सोपं होतं. ते ठरवूनच टाकायचे. कागलजवळ पेट्रोल पंपावरचा माणूस टाकीचं झाकण लावलं की टाचा जुळवून सॅल्यूट करायचा. नाक्यावर हवालदार समोरच्या टेंपोला थांबवून मला हातानं पुढं काढायचा. गडहिंग्लजच्या अलीकडं एका हॉटेलात शेजारच्या टेबलावरचे दोघे आवाज खाली आणून बोलायला लागले, जणू देवळात बसलेत. मी प्रत्येक वेळी सांगायचो, माझं चष्म्याचं दुकान आहे. मग समोरच्याचं तोंड उतरायचं. काही जण तर अशा नजरेनं बघायचे, की मीच त्यांचा काहीतरी माल उचलून पळालोय. म्हणून हळूहळू मी जिथं गरज नाही तिथं सांगणं सोडलं. हवालदाराला गाडी थांबवून कुठं सांगत बसायचं?

आणि खरं सांगायचं तर ते आवडायचं. एरवी दुकानात मला 'ओ चष्मेवाले' म्हणूनच हाक मारतात.

डिसेंबरातली गोष्ट. चंदगडच्या अलीकडं एका फाट्यावर चहाची टपरी आहे. तिथून आत एका वाडीकडं रस्ता जातो. भातं निघून गेली होती, शेतात नुसती धसकटं, आणि काजूच्या झाडांखाली धुकं अडकून बसलेलं. टपरीच्या बाजूला दोन बांबूंवर एक मोठा बॅनर होता. त्यावर गणवेशातला एक कोवळा पोरगा, खाली 'हार्दिक अभिनंदन', त्याखाली गावातल्या सगळ्या मंडळींचे फोटो. उन्हानं पोराचा चेहरा फिका पडत चालला होता.

मी चहा घेत उभा होतो. मागून कुणीतरी बाही धरली. वळून बघितलं तर एक म्हातारी. साठीची असेल, काटक, डोक्यावरून पदर, काखेत टोपली. एसटीची वाट बघत असावी.

"साहेब, कवा आलासा सुट्टीवर?"

"मी फौजी नाही, मावशी."

"आसू दे, आसू दे. माझा पोरगा पण तुमच्यातच हाय." तिनं बॅनरकडं बोट केलं. "दिवाळीच्या आधी फोन आलता. तिथनं पुढं न्हाय. लावला की बाई बोलती, फोन बंद हाय म्हणून. तुमी तेवढं इचारा की वरनं."

"मावशी, खरंच सांगतो. हे जॅकेट मुलीनं घेऊन दिलंय. माझं कोल्हापुरात, शिवाजी पेठेत चष्म्याचं दुकान आहे."

तिनं माझ्या छातीवरच्या तलवारींकडं बघितलं, मग तोंडाकडं. आणि ती हसली, समजूतदार माणूस हसतो तशी. "व्हय की. त्यो पण आसंच म्हणायचा. फोनवर कुठं हायस इचारलं तर म्हणायचा, सांगता येत न्हाई आई. तुमास्नी सांगायला बंदी आसती, मला म्हाईत हाय."

मी चहावाल्याकडं बघितलं. तो मान खाली घालून किटली पुसत होता. हळूच म्हणाला, "ऐकून घ्या पावणं तिचं. रोज येती हितं. कोण हिरव्या कपड्यातला दिसला की धरती."

तिनं कमरेची पिशवी सोडून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो काढला. बॅनरवरचाच, लहान. टोपी जरा मोठी झालेली, कान बाहेर आलेले, हसू दाबून धरलेलं. मी त्याचा मोबाइलवर फोटो काढला. तिला माझा नंबरही दिला. तिचा हात अजून बाहीवरच होता. मी म्हणालो, "विचारून बघतो."

परतीच्या वाटेवर हेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. विचारणार कुणाला? आणि कोण म्हणून?

संध्याकाळी सुभेदारांच्या कट्ट्यावर गेलो. सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मी म्हटलं हुतं की तुमास्नी." मग चष्मा कपाळावर चढवून मोबाइलमधला फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला. त्यांनी तो आपल्या दोन-चार जुन्या सोबत्यांना पाठवला. त्यांतले एक कोल्हापुरातच मंगल कार्यालयांना, दवाखान्यांना सुरक्षारक्षक पुरवायचा धंदा करतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुभेदार स्वतः दुकानात आले. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसून राहिले.

"सापडलं तुमचं पोरगं."

"कुठं आहे? बरा आहे ना?"

"हितंच हाय. कोल्हापुरात. माझ्या दोस्ताकडंच कामाला. मंगल कार्यालयाच्या पार्किंगला गार्ड." ते थांबले. "ट्रेनिंगमध्येच गुडघा गेला त्याचा. भिंतीवरनं उडी मारताना. दवाखाना झाला, डॉक्टरांचा बोर्ड झाला, आणि मग घरी पाठवलं. वर्ष होत आलं."

"पण तो घरी गेलाच नाही."

"व्हय. तेच तर."

मला वाटलं, जिवंत आहे, हे ऐकल्यावर हलकं वाटेल. तसं झालं नाही. चंदगडची एसटी इथून सुटते, तीन-साडेतीन तासांत पोचते. एवढ्या अंतरावर पोरगं उभं, आणि ती बाई फाट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बाह्या धरते आहे.

मी त्याच संध्याकाळी गेलो. दुकान बंद करून खुंटीवरचं जॅकेट सवयीनं अंगात घातलं आणि निघालो. थंडी होती. कार्यालयाच्या फाटकातून आत वळलो आणि दिव्याच्या उजेडात तो दिसला. निळा गणवेश, हातात शिट्टी. त्यानं मला बघितलं, शिट्टी खिशात घातली, टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला.

"जय हिंद, सर!"

पंपावरच्या माणसानं केलेला सॅल्यूट वेगळा. हा शिकवलेला होता. हात अगदी जिथं थांबायचा तिथं थांबला होता, आणि डोळे माझ्यावरून पलीकडं लागले होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आपण काय घालून आलोय. गाडी स्टँडवर लावायचंही भान राहिलं नाही.

"कोणत्या युनिटचे, सर?"

"मी फौजी नाही. चष्म्याचं दुकान आहे माझं."

त्याचा हात लगेच खाली आला नाही. तो तसाच अर्ध्यात राहिला, आणि मग त्यानं तो शर्टावर पुसला.

"मग ह्ये काय?"

"विकत मिळतं. मुलीनं दिलं."

"विकत." त्यानं तो शब्द दोनदा म्हटला. "मी निघालो तवा सगळं किट जमा करून घेतलं. बूट, पट्टा, टोपी. मोजं सुद्धा. त्यांचं बरोबरच हाय, नियम हाय. पण मला वाटलं हुतं, टोपी तरी ऱ्हाईल." तो हसला नाही. "आनी तुमी दुकानातनं आणतासा."

मी जॅकेट काढलं, गाडीवर टाकलं. थंडी शर्टातून आत शिरली. मग म्हणालो, "मला तुझ्या आईनं पाठवलंय."

त्याचा चेहरा एकदम लहान झाला. फोटोतला पोरगा त्यात दिसला. "काय झालं तिला?"

"काही नाही. तुझा फोन नाही म्हणून काळजीत आहे."

भीती गेली आणि तिच्या जागी राग आला. एक गाडी आत आली, त्यानं ती लावून दिली. चालताना उजवा पाय किंचित ओढत होता. परत येऊन तो बोलायला लागला तेव्हा माझ्याकडं बघत नव्हता.

"गावानं मला ट्रॅक्टरमधनं मिरवत काढलं हुतं. हलगी लावून. शाळेतल्या पोरास्नी रांगेत उभं करून मला सॅल्यूट करायला लावलं. आमच्या वाडीतनं पहिला मी. मग गुडघा गेला. मी घरी निघालतो, खोटं न्हाय सांगत. चंदगडच्या स्टँडवर उतरलो, तिथनं फाट्यावर. बॅनर तसाच. टपरीवर कोण न्हवतं त्या टायमाला. मी बॅनरखाली उभा ऱ्हायलो आनी माघारी येणाऱ्या गाडीला हात केला."

"आणि आईला काय सांगितलंस?"

"सांगितलं, पोस्टिंग झालं. लांब हाय. ती इचारायची, थंडी किती हाय रं? मी म्हणायचो, लई, बर्फ हाय. हितं उभा राहून, ऐन एप्रिलात. घामानं फोन हातातनं सुटायचा." त्यानं शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "शेवटी शेवटी बोलवंना. म्हणून नंबर बदलला."

"मी तिला काय सांगू?"

"काय बी सांगू नका."

"मी तिला विचारतो म्हणून शब्द दिलाय."

"तुमास्नी शब्द द्यायला कोण सांगितलं हुतं? ह्ये घातलं न्हसतं तर तिनं तुमास्नी धरलं असतं का?" त्यानं जॅकेटकडं हात केला. मग स्वतःच ओशाळला. "माफ करा, काका."

त्याचं चुकलेलं नव्हतं. मी एवढंच मागितलं, की एक फोन कर, जिवंत आहे एवढं तरी सांग. त्यानं हो म्हणून मान हलवली. फोन केला नाही.

फोन मलाच यायला लागले. म्हातारी टपरीवाल्याच्या मोबाइलवरून लावायची. "साहेब, काय कळलं?" मी पहिल्यांदा म्हणालो, चौकशी चालू आहे. दुसऱ्यांदा तेच म्हणवेना. म्हणालो, "मावशी, तो चांगला आहे. ठणठणीत आहे. मी बघितलं."

पलीकडून रडण्याचा आवाज, मग टपरीवर कुणाला तरी ओरडून सांगणं, "साहेबांनी बघितलाय गं त्येला!" मग पुन्हा मला, "कुठं हाय?"

"ते त्यानंच सांगायचं, मावशी."

"व्हय व्हय. कळलं मला. नका सांगू."

मी फोन ठेवला तेव्हा समोरच्या गिऱ्हाइकानं विचारलं, तब्येत बरी आहे ना. या वेळी, 'ठणठणीत' सोडलं तर, मी खोटं बोललो नव्हतो. तरी त्या बाईनं ते घेतलं आणि त्याचा आणखी मोठा डोंगर रचला. आता तिचा मुलगा एवढ्या गुप्त ठिकाणी होता, की साहेबालासुद्धा नाव घेता येत नव्हतं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "सरळ सांगून टाका की तिला." मी म्हणालो, मुलानं हात जोडून सांगितलंय. ती म्हणाली, "मग दोघांच्या मधनं बाजूला व्हा." तेही जमेना. मी त्या दोघांमध्ये कुठून घुसलो हे मला माहीत होतं, बाहेर पडायचा रस्ता माहीत नव्हता.

जानेवारीत त्या गावच्या सरपंचाचा फोन आला. आवाज खणखणीत, मागं माणसांचा गलका.

"साहेब, सव्वीस जानेवारीला आमच्या शाळंत झेंडावंदनाला यायचं. तुमच्या हस्ते. ड्रेसवर या, पोरं बघतील."

"अहो, माझा काहीतरी गैरसमज... म्हणजे तुमचा. मी सैन्यात नाही. चष्मे विकतो."

तो मोठ्यानं हसला. "मावशीनं सांगितलं हुतं, तुमी असंच म्हणणार म्हणून! काय काळजी करू नका, फोटो बाहेर जाणार न्हाई."

मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. तेव्हा त्यानं मागच्या माणसांना गप्प बसवलं. मग म्हणाला, "मग तिला कुणाला बघितलं म्हणून सांगितलासा?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते माझं नव्हतं. मी म्हणालो, दोन दिवसांत कळवतो.

त्या रात्री मुलीला सगळं सांगितलं. ती आधी चिडली. "बाबा, जॅकेटचा काय दोष? ते सेफ्टीसाठी आहे. हजारो लोक घालतात." मी म्हणालो, दोष आहे असं म्हणतच नाही मी. पण पुण्यात ते कपडा असेल. चंदगडच्या फाट्यावर ते कुणाचा तरी मुलगा असतो. तेव्हा ती म्हणाली, "मला पाठवून द्या. मी घालते. मुलीला कुणी फौजी समजत नाही." तिनं ते पुढं खरंच नेलं, आणि अजून घालते. तिला आजवर कुणीही सॅल्यूट केलेला नाही.

सकाळी उठून साधा स्वेटर घातला आणि कार्यालयावर गेलो. तो नुकताच कामावर आला होता. त्याला सरपंचाचा फोन सांगितला. म्हणालो, "मी तिथं जाणार नाही. पण आता मला काहीतरी सांगावं लागेल. तू सांग, नाहीतर मी सांगतो. हे धमकी म्हणून नाही म्हणत. मला दुसरं काही सुचत नाही, एवढंच."

मंडपवाले खांब उतरवत होते, तो त्यांना जागा दाखवायला निघून गेला.

संध्याकाळी तो दुकानात आला. गणवेशावरच, पण टोपी काढून हातात घेतलेली. गिऱ्हाइकं होती म्हणून डोळे तपासायच्या खुर्चीत जाऊन बसला. समोरच्या आरशात मागचा अक्षरांचा तक्ता दिसतो, तिकडं बघत राहिला. दुकान रिकामं झालं तसं म्हणाला, "लावा फोन. माझ्या हातनं लागणार न्हाई."

मी टपरीवाल्याला लावला. त्यानं वाडीवरून मावशीला बोलावून आणलं. मग मी फोन त्याच्या हातात दिला आणि बाहेर जायला निघालो. त्यानं मनगट धरलं. थांबलो.

"आई, मी."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. तो म्हणाला, "बरा हाय." मग, "न्हाय, सुट्टीवर न्हाय." मग एकदम, श्वास न घेता, "आई, मी कोल्हापुरात हाय. वरीस झालं. गुडघा मोडला, काढून टाकलं मला. हितं गार्ड हाय. गाड्या लावतो."

त्यानं फोन कानापासून काढून पडद्याकडं बघितलं. "ठेवला तिनं," तो म्हणाला. आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन त्या खुर्चीत वाकला. मी शटर अर्धं खाली ओढलं, एवढंच मला करता आलं.

त्यानंतर आठवडाभर तिकडून काही नाही. टपरीवाल्याला विचारलं तर म्हणाला, मावशी फाट्यावर यायची बंद झाली. सरपंचाला बहुतेक कळलं असावं, त्याचाही फोन नाही. पोरगा दोनदा दुकानावरून गेला, आत आला नाही. मला वाटायला लागलं, होतं तेच बरं होतं. निदान वाट बघत होती.

मग एका दुपारी ती दारात उभी. तीच टोपली. गल्लीत विचारत विचारत आली होती, मिशीवाला साहेब कुठं राहतो म्हणून, आणि लोकांनी तिला आधी सुभेदारांकडं पाठवलं होतं. ती आत आली, कपाटांतल्या चष्म्यांकडं नजर फिरवली.

"खरंच दुकान हाय की तुमचं."

"बसा मावशी. पाणी आणतो."

"नको. तुमी मला सांगितलासा, ठणठणीत हाय. पाय गेलाय त्याचा."

"हो."

"मी गावभर सांगितलं, साहेबांनी बघितलाय. आता त्याच तोंडानं काय सांगू? एक जण म्हणतोय पळून आला. एक म्हणतोय चोरी केली आसंल." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं जास्त लागत होतं. "तुमचं चुकलं आसं न्हाई म्हणत. तुमी पहिल्या दिवशीच सांगितलता. पर मग कशाला घातला हुता त्यो कोट?"

मी वारा, थंडी, पॅड, मुलगी, सगळं सांगू शकलो असतो. ती उत्तराची वाट बघत थांबलीही नाही. "चला," म्हणाली, "कुठं गाड्या लावतो दावा मला."

आधी घरी बायकोनं तिला बळंच दोन घास खायला घातले आणि मग आम्ही रिक्षानं गेलो. कार्यालयात लग्न होतं. वरात दाराशी आली होती, बँड वाजत होता, फाटकात गाड्यांची रांग. तो शिट्टी मारत, हात करत मधोमध उभा. त्यानं आईला बघितलं आणि त्याचा हात हवेतच राहिला. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दाबून धरला.

ती सरळ त्याच्याकडं गेली. गळ्यात पडली नाही, ओरडली नाही. खाली बसली, सगळ्या वऱ्हाडासमोर, आणि त्याच्या उजव्या पायावरची पँट वर सरकवायला लागली. तो म्हणत होता, "आई, उठ, आई, लोक बघत्यात." ती गुडघ्यावर हात फिरवत होती. शिवलेली खूण लांबवर गेली होती. तिनं ती बोटानं वरपासून खालपर्यंत चाचपली आणि विचारलं, "ह्ये कोण बघत हुतं रं? रातीला दुखलं की कोण हुतं?"

गाड्या मी लावल्या. शिट्टी नव्हती, नुसते हात करत. कुणी कुठं तिरकी लावली, कुणी शिव्या दिल्या. ती दोघं भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसली होती. ती बोलत होती, तो ऐकत होता.

पुढं सगळं छान झालं असं नाही. शिमग्याला तो गावी गेला आणि ठरल्यापेक्षा लवकर परत आला. काही माणसं नीट बोलली, काही मुद्दाम पायाकडं बघून बोलली. एकानं तर त्याच्याकडं कागद मागितले, खरंच बोर्ड झाला का बघायला. आई त्या माणसाशी फाट्यावर भांडली, असं टपरीवाल्यानं मला सांगितलं. त्याचं खाणंपिणं सुटलं, पुन्हा सुरू झालं. सुभेदारांनी त्याला एका डॉक्टरांकडं नेलं, व्यायाम सुरू केले. पुढच्या उसाच्या हंगामात त्याला बिद्रीच्या साखर कारखान्याकडं एका गोदामाच्या फाटकावर काम मिळालं, तिथं बसून काम असतं.

मागच्या महिन्यात मी त्या बाजूला गेलो होतो, साध्या काळ्या जॅकेटमध्ये. थांबलो. त्यानं चहा मागवला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, अजून माझ्यावर राग आहे का.

"तुमच्यावर न्हाय." तो कपातल्या चहाकडं बघत राहिला. "काका, एक इचारू? लोक सॅल्यूट करायचे तवा तुमास्नी बरं वाटायचं न्हवं?"

"वाटायचं."

"मला पण लई बरं वाटायचं," तो म्हणाला.

बाहेर ट्रॅक्टर येऊन उभा राहिला होता. त्यानं कप ठेवला, टेबलाला हात टेकून उठला आणि फाटक उघडायला गेला.